लॅब विकायला काढणाऱ्यांनो, आधी एक कोल्ड टेस्ट बघून जा

हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक, प्रॉडक्टचे प्रमुख आणि खर्चाच्या फायलीवर सही करणारे तुम्ही सगळे,

नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत एक मेल आला, जेमतेम चार ओळींचा. टेस्ट लॅब टप्प्याटप्प्याने बंद होणार, स्कोप (व्होल्टेज कसं बदलतंय ते पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र), टेंपरेचर चेंबर (बोर्ड हवा तेवढा थंड-गरम करणारं कपाट), स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) विकायला काढणार, त्या पैशात सिम्युलेशनची, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवरच चालवून बघायच्या सॉफ्टवेअरची, लायसन्स घेणार आणि इथून पुढे प्रत्येक प्रॉडक्ट पहिल्याच सर्किट बोर्डमधे बरोबर यायला हवं. मी दोन पानी उत्तर पाठवलं, आकड्यांसकट. त्यावर "नोंद घेतली आहे" एवढंच परत आलं. मग दुसरीकडे काम करणाऱ्या चार ओळखीच्या लोकांशी बोलले तर त्यांच्याकडेही हेच चाललंय, कुठे लॅबची अर्धी जागा मीटिंग रूमला गेली, कुठे कॅलिब्रेशन (मोजणारी यंत्रं बरोबर मोजतायत का याची ठरावीक तपासणी) बंद, कुठे प्रोटोटाइप (चाचणीचे नमुना बोर्ड) तीनवरून एकावर. म्हणून हे उघडपणे लिहितेय. नाव कुणाचंच घेत नाही, माझं भांडण त्या निर्णयाशी आहे.

मी चौदा वर्षं बोर्ड डिझाइन करते. सिम्युलेशन रोज वापरते, त्यामुळे "ही जुन्या वळणाची, हिला नवीन टूल नकोत" हे कृपया मनातून काढून टाका. पॉवर सप्लायचा लूप (व्होल्टेज ठरल्या जागी धरून ठेवणारी यंत्रणा) स्थिर आहे का हे मी बोर्ड बनवायच्या आधी सिम्युलेटरमधेच बघते, हजार युनिटमधे रेझिस्टर-कॅपॅसिटरची टॉलरन्स (छापलेल्या किमतीपासूनचा फरक) कशी पसरेल हेही तिथेच, कारण बेंचवर, म्हणजे लॅबमधल्या टेस्टच्या टेबलावर, माझ्याकडे पाच बोर्ड असतात आणि पाच चालले म्हणजे पाच हजार चालतील असं कुणी सांगितलंय? मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाला तर पुढे काय काय जळेल हे सिम्युलेटरमधे शंभर वेळा करून बघता येतं, बेंचवर शंभर वेळा केलं तर तुम्हीच मला हाकलाल. १९७३ मधे बर्कलीच्या विद्यापीठातून स्पाइस नावाचा सिम्युलेटर बाहेर आला, आज आपण वापरतो त्यातले बरेच सर्किट सिम्युलेटर त्याच्याच कुळातले, आणि चिप बनवणाऱ्यांचं तर त्याच्याशिवाय पान हलत नाही कारण सिलिकॉनवर जंपर वायर लावून चूक दुरुस्त करता येत नाही.

आता दोन वर्षांपूर्वीचं एक प्रकरण सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

बॅटरीवर चालणारं एक छोटं उपकरण होतं, आत रेडिओ मॉड्यूल. ३.३ व्होल्टची रेल (बोर्डला वीज पुरवणारी लाइन), रेडिओ ट्रान्समिट करायला लागला की झटक्यात अर्धा अँपिअर ओढतो, आणि रेग्युलेटरला (ते व्होल्टेज स्थिर ठेवणारा पार्ट) जागं व्हायला साधारण १० मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ भार कॅपॅसिटरने, स्वतःत साठवलेल्या विजेवर, सांभाळायचा. आम्ही २२ मायक्रोफॅरडचा लावला. हिशोब सोपा आहे, अर्धा अँपिअर गुणिले १० मायक्रोसेकंद भागिले २२ मायक्रोफॅरड, म्हणजे सुमारे ०.२३ व्होल्टची घसरण. रेल ३.०७ पर्यंत येणार, प्रोसेसर २.९ ला रीसेट होतो, म्हणजे जागा आहे. सिम्युलेशनने अगदी हेच दाखवलं, सुंदर गुळगुळीत रेघ, रिव्ह्यूमधे सगळ्यांनी माना डोलावल्या.

बोर्ड आले. टेबलावर नीट चालले, म्हणजे बहुतेक वेळा. चेंबरमधे उणे १० अंशाला टाकले आणि दर थोड्या वेळाने रीसेट.

मी स्कोप लावला तर रेलवर भयंकर रिंगिंग, म्हणजे रेघ थरथरतेय, दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास. मी आणि अजून दोघं आठवडाभर त्या रिंगिंगच्या मागे धावलो, लेआउट बघितला, फेराइट बीड (अशी थरथर अडवणारे पार्ट) बदलले, काही फरक नाही. शेवटी लॅबमधले एक सीनियर आले, त्यांनी माझ्या प्रोबची (स्कोपला जोडून बोर्डवर टेकवायची सुई) ती लांबलचक ग्राउंडची वायर काढली आणि टोकाला छोटी स्प्रिंग लावली. रिंगिंग गायब. दहा सेंटिमीटर वायर म्हणजे ढोबळमानाने १०० नॅनोहेन्री, प्रोबच्या टोकाची कपॅसिटन्स १० पिकोफॅरडच्या घरात, दोघांचा रेझोनन्स, म्हणजे दोघं मिळून कुठल्या फ्रिक्वेन्सीला थरथरतील ते, काढा, बरोबर १६० मेगाहर्ट्झ येतो. म्हणजे आठवडाभर मी बोर्ड नाही, माझीच वायर मोजत होते. हे मुद्दाम सांगतेय, बेंचवर बसणाऱ्याला सगळं खरंच दिसतं असा माझा दावा नाही.

पण रिंगिंग गेल्यावर खाली जे उरलं ते खरं होतं. रेल २.७ पर्यंत जात होती. कारण कॅपॅसिटरवर छापलेले २२ मायक्रोफॅरड हे त्याच्यावर व्होल्टेज नसताना. सिरॅमिक कॅपॅसिटरवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची कपॅसिटन्स कमी होते, आणि आम्ही जागा वाचवायला ०४०२ या अगदी छोट्या साइझचा, ६.३ व्होल्टपर्यंतचा घेतला होता, तो ३.३ व्होल्टवर निम्म्याच्याही खाली आलेला. ९ मायक्रोफॅरड धरून तोच भागाकार परत करा, घसरण ०.५५ व्होल्ट. त्यात थंडीत बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे रेग्युलेटरलाच वरून पुरेसं मिळत नाही. टेबलावर दोन्ही गोष्टी काठावर होत्या, चेंबरमधे दोन्ही एकदम पडल्या.

यावर आमच्याकडच्या एका मॅनेजरनी विचारलं होतं, मग हे मॉडेलमधे टाकायचं ना? प्रश्न बरोबर आहे. टाकलं. आता आमच्या लायब्ररीत प्रत्येक सिरॅमिक कॅपॅसिटर व्होल्टेजप्रमाणे घसरतो, बॅटरीचं थंडीतलं मॉडेल आहे, आणि पुढच्या तीन प्रॉडक्टमधे तो प्रॉब्लेम परत आला नाही. पण हे टाकायचं आहे हे कळलं कुठून, चेंबरमधून. डेटाशीटमधे तो ग्राफ होताच की, कुणीतरी आधीच बघायला हवा होता हेही खरं, मलाच बघायला हवा होता. पण डेटाशीटमधे असे साठ ग्राफ असतात आणि त्यातला कुठला आपल्याला बुडवणार हे बोर्ड सांगतो. सिम्युलेटरला तुम्ही जे विचारता त्याचं तो प्रामाणिक उत्तर देतो, जे विचारायचं सुचलंच नाही त्याबद्दल तो गप्प असतो, आणि ते गप्प असणं स्क्रीनवर "पास" सारखंच दिसतं.

आता तक्रारी.

पहिली. तुम्ही लायसन्स आणि स्कोप एक्सेलच्या एकाच कॉलममधे टाकलेत, "टेस्टिंगचा खर्च" म्हणून, आणि दोन्हीतून एक निवडलंत. या दोन गोष्टी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मॉडेल बरोबर आहे की नाही हे मोजमापावरून ठरतं, आणि मोजायचं काय आणि कुठे हे मॉडेलवरून ठरतं. एक काढून घेतलं की दुसरं हळूहळू कुजतं, लगेच कळत नाही एवढंच. पहिले सहा महिने तुम्हाला बचतच दिसेल कारण मॉडेल अजून ताजी आहेत, ती आम्ही लॅब चालू असताना जुळवलेली आहेत.

दुसरी, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. ही मॉडेल बनवतं कोण? ज्याला तो पार्ट विकायचाय तो. बहुतेक वेळा २५ अंशाला, टिपिकल युनिटचं. ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणारी चिप) बऱ्याच मॉडेलमधे तापमानाचा परिणाम नसतोच, काहींमधे सप्लायमधून येणारा नॉइझ (नको असलेला सिग्नल) नसतो. फाइल एन्क्रिप्ट केलेली असते, उघडून बघताही येत नाही की आत काय धरलंय आणि काय सोडलंय. आणि त्या फाइलच्या भरवशावर तुम्ही मला एकाच बोर्डमधे प्रॉडक्ट द्यायला सांगताय. पार्टची निवड विक्रेत्याच्या शब्दावर करणार नाही असं आपलं परचेसचं धोरण आहे ना, मग त्याच्या मॉडेलवर कशी करताय?

तिसरी वेळेबद्दल. ५०० किलोहर्ट्झवर चालणारा साधा कन्व्हर्टर (एका व्होल्टेजचं दुसरं करणारं सर्किट) घ्या. त्याचं १० मिलिसेकंदाचं सिम्युलेशन म्हणजे ५ हजार सायकल, तेवढ्यालाही थांबावं लागतं. तोच बोर्ड बेंचवर लोड लावून शुक्रवारी संध्याकाळी सोडला आणि सोमवारी आले की ६० तासांत त्याने १०० अब्जांहून जास्त सायकल केलेल्या असतात, वर खरं फर्मवेअर, खरी उष्णता, मधेच कुणीतरी शेजारचं मोठं मशीन चालू केलेलं असतं तेही. दर आठवड्यात ही फुकटची टेस्ट मिळते. ती सोडून द्यायची?

चौथी ईएमसीची, म्हणजे उपकरणाच्या रेडिएशनने दुसऱ्याला त्रास होऊ नये आणि बाहेरच्याने ते बिघडू नये याच्या टेस्टची. "प्री-कंप्लायन्स सॉफ्टवेअरमधेच करू, चेंबरची एकच फेरी पुरे" असं मेलमधे होतं, प्री-कंप्लायन्स म्हणजे अधिकृत टेस्टच्या आधीची घरची तपासणी आणि हा चेंबर बाहेरच्या लॅबमधला, आमचा थंडीचा नव्हे. बोर्डाचं तेवढं सिम्युलेशन होतं, मी करतेही. पण रेडिएशन बोर्डापेक्षा जास्त केबलमधून जातं, एक मीटरची केबल ७५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची होते म्हणजे छान अँटेनाच, आणि ती टेबलावर सरळ ठेवली का वळवून, तिचं शील्ड (धातूचं आवरण) नीट क्रिंप झालंय, म्हणजे दाबून बसलंय, का नुसतं टेकलंय, झाकणाच्या सांध्यावर रंग चढलाय का धातूला धातू लागतोय, यावर पास का नापास ठरतं. रंग कुठे चढलाय हे सिम्युलेटरला कोण सांगणार? ईएसडीचंही (अंगातल्या स्थिर विजेचा झटका) तसंच, ८ किलोव्होल्टची गन हातात घेऊन यूएसबीच्या तोंडाशी लावल्यावर करंट जिथून जातो तो रस्ता बघून मी अजूनही चकित होते. बाहेरच्या लॅबमधे नापास झालं की परत स्लॉट मिळेपर्यंत लाँच लटकतो, म्हणून आत एक साधा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि दोन निअर-फील्ड प्रोब (बोर्डजवळ धरून रेडिएशन कुठून येतंय ते शोधणारे) लागतात. नेमका तोच विकायच्या यादीत पहिला आहे.

पाचवी छोटी आहे. कॅलिब्रेशन थांबवलंय. स्टिकरवरची तारीख उलटलेल्या मीटरने मोजलेला आकडा मी रिपोर्टमधे लिहायचा का नाही, हे लेखी कळवा.

सहावी मनाला लागणारी आहे. गेल्या वर्षी आलेल्या मुलांना सिम्युलेटर माझ्यापेक्षा चांगला येतो, खोटं नाही. पण त्यातल्या एकाने परवा मला विचारलं की स्कोपवरची रेघ एवढी जाड का, मॉडेलमधे तर बारीक येते. त्याने कधी खरा नॉइझच बघितला नव्हता. ही त्याची चूक नाही, त्याच्या हातात प्रोब आपण दिला नाही. उद्या फील्डमधून बोर्ड परत येईल तेव्हा तो हातात घेऊन कुठे बोट लावायचं हे सांगणारं कुणी उरणार नाही, मग उंटावरून शेळ्या हाकणं चालू होईल.

मोठ्यांच्या घरीही हे झालेलं आहे. ४ जून १९९६, एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण, जेमतेम ४० सेकंदांत संपलं. दिशा सांगणारी इनर्शियल यंत्रणा जुन्या एरियन ४ वरून उचललेली, तिच्या सॉफ्टवेअरमधे ६४ बिटचा फ्लोटिंग पॉइंट आकडा १६ बिटच्या पूर्णांकात कोंबला जात होता, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, आकडा मावला नाही, आधी बॅकअप बंद पडला आणि लगोलग मुख्य यंत्र, दोन्हीत तेच सॉफ्टवेअर. पण मला त्यातलं लागतं ते वेगळंच. चौकशी समितीने लिहिलंय की जमिनीवरच्या संपूर्ण सिस्टिमच्या चाचण्यांमधे ही यंत्रणा जवळजवळ पूर्ण बसवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं, तरी तिच्या जागी तिचं नुसतं सिम्युलेट केलेलं आउटपुट वापरलं गेलं. खरी यंत्रणा, किंवा निदान तिचं तपशीलवार सिम्युलेशन, लावलं असतं तर दोष सापडू शकला असता. आउटपुट सिम्युलेट करताना कुणीतरी गृहीत धरलं की यंत्र नीट चालतंय, आणि तपासायचं नेमकं तेच होतं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचं तेवढं काढलं. १९९४ मधला इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकाराचा घोळ घ्या. एका टेबलमधल्या पाच नोंदी चिपमधे गेल्याच नाहीत, रँडम आकड्यांवर चूक सुमारे ९ अब्ज भागाकारांत एकदा, आणि शेवटी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद करावी लागली. तिथे कितीही प्रोब लावले असते तरी उपयोग नव्हता, तिथे गणिताने सिद्ध करणारं फॉर्मल व्हेरिफिकेशनच हवं होतं, तिथे मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. आणि हबल या अंतराळातल्या दुर्बिणीत तर मोजणारं उपकरणच चुकीचं होतं. आरसा घासताना ज्या उपकरणाने तपासला त्यातली एक लेन्स १.३ मिलिमीटर सरकलेली, आरसा त्या चुकीला अगदी तंतोतंत जुळवून घासला गेला, कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट. दुसऱ्या, कमी अचूक उपकरणांनी दोष दाखवला होता, पण अचूक उपकरण आपल्याकडे आहे म्हणून त्यांचं ऐकलं नाही. १९९० मधे दुर्बीण वर गेली, १९९३ च्या डिसेंबरमधे अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. माझ्या प्रोबच्या वायरची हीच गोष्ट, फक्त माझी आठवड्यात सुटली.

म्हणून एकमेकांना तपासणारे दोन डोळे हवेत, आणि तुम्ही एक विकायला काढलाय.

मला काय हवंय ते सरळ सांगते. सगळं परत द्या असं म्हणत नाही.

टेंपरेचर चेंबर, एक चांगला स्कोप त्याच्या प्रोबसकट आणि तो स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर विक्रीच्या यादीतून काढा. नेटवर्क अ‍ॅनालायझर आम्ही वर्षातून तीनदा वापरतो, तो खुशाल विका, लागेल तेव्हा भाड्याने घेऊ. त्या जुन्या दोन स्कोपनाही माझी हरकत नाही, एकाचं तर नॉबच फिरत नाही. जे ठेवाल त्याचं कॅलिब्रेशन वेळेवर व्हायला हवं.

नव्या डिझाइनला कमीत कमी दोन प्रोटोटाइप फेऱ्या शेड्यूलमधे छापून द्या. दुसरा बोर्ड करावा लागला म्हणजे इंजिनिअर नापास असं मोजणं बंद करा, कारण ते मोजलं जातंय म्हणून लोक पहिल्या बोर्डवर दिसलेले प्रॉब्लेम फर्मवेअरमधे झाकून पुढे ढकलतायत. मी दोन बघितलेत. त्यातला एक माझाच आहे, सांगून टाकते. उद्या त्याचं बिल फील्डमधून येईल.

सिम्युलेशनच्या प्रत्येक रिपोर्टमधे शेवटी एक कोष्टक सक्तीचं करा, मॉडेल काय म्हणालं, बेंचवर काय आलं, फरक किती आणि का. फरक शोधून मॉडेल दुरुस्त करायला माणसामागे दोन दिवस द्या. लायसन्स खरंच वसूल करायची असतील तर याच्याइतकं स्वस्त काही नाही. आणि जिथे मोजलेलंच नाही तिथे "मोजलेलं नाही" असं लिहायची परवानगी द्या, "पास" नाही.

कुठली टेस्ट सॉफ्टवेअरमधे आणि कुठली बेंचवर हे यादी करून ठरवा, प्रॉडक्टगणिक, आणि त्या यादीवर डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची सही घ्या. चिपचं लॉजिक, लूपची स्थिरता, टॉलरन्सचा पसारा, जळण्याचे प्रकार, हे सिम्युलेशनला द्या, आनंदाने. थंडी-उष्णता, ईएसडी, केबल, कनेक्टर, बॅटरी आणि दिवसचे दिवस चालवून बघायचं ते बेंचला. मधल्या गोष्टींवर भांडू, भांडायला हरकत नाही.

नवीन मुलांना पहिल्या तीन महिन्यांत दोन आठवडे बेंचवर बसवा. सोल्डर करू देत, एखादा बोर्ड जाळू देत.

आणि पुढचा असा निर्णय घ्यायच्या आधी लॅबमधे एकदा या. स्लाइड नको, मीटिंग नको. अर्धा तास चेंबरसमोर उभं राहा, मी उणे १० ला बोर्ड लावते आणि स्कोपवर रेल दाखवते, आधी जुन्या कॅपॅसिटरने, मग नव्या. त्यानंतरही विकावंसं वाटलं तर विका.

नवीन बोर्ड मंगळवारी येतायत, एकच फेरी मंजूर आहे. स्टोअरमधून चेंबरच्या चावीसाठी दोनदा फोन येऊन गेला. चावी माझ्या ड्रॉवरमधे आहे आणि कोल्ड टेस्ट संपल्याशिवाय मी ती देणार नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.

आपली,
बेंचवरची एक हार्डवेअर इंजिनिअर